भोगीची भाजी आणि आठ दिवस ॲडमिट

"गॅस पास झाला का?"

गेल्या जानेवारीत ॲडमिट होते तेव्हा मला सगळ्यांनी हा एकच प्रश्न विचारला. सकाळी राउंडला डॉक्टर, मग सिस्टर, मग सलाईन बदलायला येणारी मुलगी, दुपारी आई, फोनवर दादा, आणि तिसऱ्या दिवसापासून सासरेसुद्धा, दारात उभं राहून, माझ्याकडे न बघता. लग्नाला दोन वर्षं होऊन गेली तरी मी सासरी पोट दुखतंय एवढंही कधी मोठ्यानं बोलले नव्हते आणि आता सगळ्यांना सांगत होते, नाही झाला अजून.

मला क्रोन्स आहे. म्हणजे आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात, औषधांनी बसते आणि परत कधीतरी उठते. अमेरिकेत 1932 साली बरिल क्रोन नावाच्या डॉक्टरांनी दोन सहकाऱ्यांबरोबर यावर पेपर लिहिला म्हणून हे नाव. आमच्या आत्यांना कोरोनाचाच प्रकार वाटला होता, त्यांनी बरेच दिवस माझा कप वेगळा ठेवला, तर एकदा स्पष्ट सांगते की हा संसर्गाचा रोग नाही, आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उठते. माझी सूज लहान आतड्याच्या अगदी शेवटाला आहे, जिथं ते मोठ्या आतड्याला जोडतं. पंचाईत अशी की आपल्याकडे आतड्याचा टीबी पण नेमका तिथंच बसतो, दुर्बिणीतून बघितलं तरी दोन्ही सारखेच दिसतात, बायोप्सीतही दरवेळी कळतंच असं नाही. म्हणून आधी सहा महिने मी टीबीच्या गोळ्या खाल्ल्या, लघवी केशरी व्हायची, भूक मेली, वजन 39 किलोवर आलं आणि पोट होतं तसंच. ज्यांनी गोळ्या दिल्या त्यांच्यावर माझा राग नाही, क्रोन्सची औषधं टीबी असताना दिली तर टीबी भडकतो, त्यामुळे आधी टीबीच धरून चालतात. पण तोवर सूज चालूच राहिली आणि एका जागी आतडं आतून अरुंद झालं. त्याला स्ट्रिक्चर म्हणतात.

स्ट्रिक्चर असलं की चोथा चालत नाही. डॉक्टरांनी मला कागदावर लिहून दिलं होतं, साली, बिया, शेंगदाणे, मका, कच्ची गाजरं, पालेभाजीचे देठ बंद. आता सोलापुरात राहून शेंगदाणे बंद म्हणजे काय ते सोलापूरवाल्यांनाच कळेल. शेंगा चटणी आणि कडक भाकरी हे आमच्याकडं जेवण नाही, ते घरात असतंच, पाण्यासारखं. माहेरी आईनं सगळं सांभाळलं. सासरी मी एवढंच सांगितलं की मला ॲसिडिटी होते. का, तर खरं सांगायचं म्हणजे संडासबद्दल बोलावं लागतं, दिवसातून किती वेळा, कशी, रक्त पडतं का, आणि नव्या घरात सासऱ्यांसमोर, दिरासमोर ते कसं बोलणार. नवऱ्याला सगळं माहीत होतं, पण त्यालाही मीच गप्प बसवलं होतं.

आणि जानेवारी हा सोलापुरात माझ्या आतड्यासाठी सगळ्यात वाईट महिना. ज्वारीचा हुरडा, बोरं, ऊस, ओला हरभरा, आणि त्यात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा. भोगीच्या दिवशी सासूबाईंनी तीळ लावून बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी केली, वालपापडी, हरभरे, गाजर, बोरं, वांगी, वर शेंगदाण्याचं कूट. पहाटेपासून त्या एकट्या राबत होत्या, कारण सकाळी यात्रेतल्या 68 लिंगांच्या तैलाभिषेकाला नंदीध्वजांबरोबर, म्हणजे मिरवणुकीतल्या मानाच्या उंच काठ्यांबरोबर, सासरे आणि नवरा पांढरी बाराबंदी घालून जाणार होते. दुपारी त्यांनी मला दोनदा वाढलं आणि मी दोनदा खाल्लं. मला माहीत होतं, तरी खाल्लं.

संध्याकाळी सातला कळ आली. येते, पीळ पडतो, दोन मिनिटांनी सुटते, परत येते. पोट ढोलासारखं ताठ. नऊला हिरवी उलटी झाली, मग दुसरी, आणि खालून काहीच नाही, गॅससुद्धा नाही. यात्रेमुळे रस्ते बंद, नवऱ्यानं गाडी कुठून कुठून फिरवून नेली. उभं करून एक्स-रे काढला, मग सीटी, आतड्यात पाणी साठलेलं आणि अरुंद जागेच्या मागं सगळं फुगलेलं. डॉक्टर म्हणाले, तोंडानं काही नाही, पाणीसुद्धा नाही, नाकातून नळी टाकतोय.

त्या नळीबद्दल सांगते कारण ज्यांना टाकायची वेळ येईल त्यांना भीती वाटणारच. घशाशी येते तेव्हा मळमळतं, त्यावेळी मान थोडी खाली घालून सिस्टर म्हणतील तसं गिळत राहायचं, मागं ओढायचं नाही, मिनिटाच्या आत होतं. आणि एकदा पोटातलं हिरवं पाणी पिशवीत उतरायला लागलं की इतकं हलकं वाटतं की रडू येतं. मला आलं. पोटॅशियम कमी झालं होतं, त्याची सलाईन हातात आग लावते, मी दोन तास सहन केली आणि मग कळलं की सांगितलं असतं तर थेंब हळू करता आले असते. तिथूनच मी ठरवलं की इथं काहीही गिळून बसायचं नाही. पोटात रोज एक सुई का देताय, विचारलं, तर क्रोन्सची सूज असताना आणि पडून राहिल्यावर रक्ताच्या गाठी व्हायची शक्यता जास्त, म्हणून. स्टेरॉइड शिरेतून किती दिवस, विचारलं. सर्जन येऊन गेले, त्यांनाही विचारलं, ते म्हणाले सूज उतरून वाट मोकळी झाली तर ऑपरेशन आत्ता नको, नाही झाली तर तेवढा तुकडा काढू. मी एका वहीत सगळं लिहीत होते, राउंड पाच मिनिटांत संपतो आणि त्यावेळी नेमकं काही आठवत नाही.

दिवस फार लांब असतात. भूक दुसऱ्या दिवशी जाते पण तहान जात नाही, ओल्या कापसानं ओठ पुसायचे, चूळ भरून थुंकायची. स्टेरॉइडनं रात्री झोप नाही, पहाटे पाचला बीपी बघायला येतात. घरून आणलेली चादर मात्र माझी होती, माहेरची जुनी सोलापुरी चादर, धुऊन धुऊन मऊ झालेली, तिच्यावर झोपलं की ते आपलं अंथरूण वाटायचं. सलाईनचा स्टँड ढकलत पॅसेजमध्ये दिवसातून सहा चकरा, चाललं की आतडं पण चालतं म्हणतात. शेजारच्या बेडवर अपेंडिक्सच्या ऑपरेशनची एक आजी होत्या, आयुष्यभर विड्या वळल्या होत्या, तेलुगू मिसळून मराठी बोलायच्या, त्या रोज सकाळी मला विचारायच्या आणि मी त्यांना. त्यांचा आधी पास झाला. इतक्या आनंदानं मला सांगितलं त्यांनी.

दुसऱ्याच दिवशी सासूबाई रडत बसल्या होत्या, मी विष घातलं का गं तुला म्हणून. तेव्हा मला सांगावंच लागलं. सगळं सांगितलं, टीबीच्या गोळ्या, रक्त, लग्नाच्या दिवशी मांडवात बसायच्या आधी चार वेळा गेले होते ते, ऑफिसला जाताना वाटेत कुठं कुठं बाथरूम आहे ते पाठ आहे हे, आणि तो कागद कपाटात साड्यांच्या खाली ठेवलाय हे. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अगं मग बोलायचं की, मी भाजीत काय घालायचं नाही ते मला कोण सांगणार?"

होम मैदानावर यात्रेचं शोभेचं दारूकाम झालं त्या रात्री खिडकीची काच थरथरत होती आणि मी नाकात नळी घेऊन पडून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी पहाटे गॅस पास झाला. खाली सतरंजीवर नवरा झोपला होता, त्याला उठवून सांगितलं, त्यानं तेव्हाच आईला फोन लावला. नळी निघाली, मग पाण्याचे चमचे, मग नारळपाणी, मग मीठ घातलेली भाताची पेज. त्या पेजेची चव मला अजून जिभेवर आहे.

आता पंधरा दिवसांनी एकदा अडालिमुमॅबचं, म्हणजे आतड्यावर उठलेली प्रतिकारशक्ती दाबणारं, इंजेक्शन असतं, पोटाला किंवा मांडीला, मीच घेते. सुरू करायच्या आधी परत छातीचा एक्स-रे आणि टीबीची रक्ताची टेस्ट, कावीळ बीची टेस्ट, कारण दबून बसलेला टीबी या औषधानं वर येऊ शकतो. भारतातच बनणारं मिळतं म्हणून निदान परवडण्याच्या जवळ तरी येतं. ते 2 ते 8 डिग्रीत ठेवावं लागतं, आणि सोलापूरचा मे महिना म्हणजे 43, वर लाईट जाते, तर मेडिकलमधून बर्फाच्या डब्यातच आणायचं आणि फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, फ्रीजरला चिकटून नाही, गोठलं तर वाया. अंगदुखीला मनानं पेनकिलर घेणं बंद केलंय, त्यानंही सूज उठू शकते. शेवटचं आतडं बी-12 नीट शोषत नाही म्हणून त्याचं वेगळं इंजेक्शन. सीआरपी, म्हणजे रक्तात सूज दाखवणारा आकडा, उतरलाय, वजन 47 आहे. स्ट्रिक्चर आहे अजून, पण सध्या वाट मोकळी आहे.

मागच्या महिन्यात बार्शीला लग्न होतं. गाडीतून उतरलो, मी साडी सावरत होते, तेवढ्यात सासूबाईंनी कार्यालयाच्या दारातच नवरीच्या मामांना थांबवून विचारलं, "इथं बायकांचा संडास कुठं आहे हो? आमच्या सुनेच्या आतड्याला आजार आहे, तिला कधीपण लागतं." मामा हात धुत धुत स्वतः दाखवायला आले.