तुम्ही विचारलंत म्हणून: पोस्टडॉक कुठे शोधलीत?

पीएचडीची थिसिस सबमिट करायची वेळ आली की कुणीतरी ज्युनिअर फोन करतं. इकडचं तिकडचं बोलून झालं की मुद्द्यावर येतं, "ताई, पोस्टडॉक कुठे शोधलीत?" पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरची ठराविक मुदतीची संशोधनाची नोकरी.

'कुठे'चं उत्तर एका ओळीत संपतं. जाहिरातींच्या वेबसाइट आहेत: नेचर करिअर्स, युरोपसाठी युरॅक्सेस, ब्रिटनसाठी जॉब्स डॉट एसी डॉट यूके. पण मी अडले होते ते 'काय लिहू' इथे.

माझी पीएचडी पुण्याची, सोडियम-आयन बॅटरीच्या कॅथोडवर, म्हणजे तिच्या धन टोकावर. पहिल्या महिन्यात प्राध्यापकांना साठेक मेल धाडले. सगळे 'रिस्पेक्टेड सर'ने सुरू होणारे, बाईंना पाठवलेलेसुद्धा. सोबत सात पानी सीव्ही, त्यात दहावीचे टक्के. एका मेलमध्ये तर आधीच्या प्राध्यापकांचं नाव तसंच राहून गेलं. उत्तरं आली दोन, दोन्हींत 'सध्या फंडिंग नाही'.

लॅबमधल्या एका सीनिअरने मेल वाचून एवढंच विचारलं, "यात त्यांच्या कामाबद्दल काय आहे गं?" काहीच नव्हतं.

त्या रात्री जर्मनीतल्या एका ग्रुपचा पेपर घेऊन बसले. त्यांच्या चौथ्या आकृतीत कॅथोडची क्षमता सायकलगणिक, म्हणजे दर चार्ज-डिस्चार्जनंतर, घसरत होती. तशीच घसरण मी पुण्याच्या पावसाळ्यात वर्षभरापूर्वी पाहिली होती. कॅथोडमधले हे सोडियमचे ऑक्साइड दमट हवेत ठेवले की पृष्ठभागावर कार्बोनेट धरतं. मेल अकरा ओळींचा झाला: तुमची चौथी आकृती पाहिली, पावडर ग्लोव्हबॉक्सबाहेर (हवा-दमट लागू न देणाऱ्या बंद पेटीबाहेर) किती वेळ होती? खाली माझा एक आलेख. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. नोकरीचं नाव नाही, उलट माझ्या आलेखावरच दोन शंका! पण पुढच्या आठवड्यात व्हिडिओ कॉल झाला आणि शेवटी त्या ग्रुपचे प्राध्यापक म्हणाले, "पैसे नाहीत, पण फेलोशिपसाठी अर्ज केलास तर होस्ट होईन." म्हणजे पगार फेलोशिपचा, जागा त्यांच्या लॅबमध्ये.

इथे बरेच जण नाराज होऊन गप्प बसतात. मला विचाराल तर दार उघडलं ते इथेच. युरोपियन युनियनच्या मारी क्युरी फेलोशिपचा अर्ज साधारण सप्टेंबरात बंद होतो आणि निकाल फेब्रुवारीत लागतो, म्हणजे वर्षभर आधी हालचाल हवी. शिवाय ज्या देशात जायचं तिथे मागच्या 36 महिन्यांत 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिला असाल तर अर्जच करता येत नाही. 'आधी तिथे पोचू, मग बघू' म्हणणारे नेमके इथे अडकतात. जर्मनीच्या हुम्बोल्ट फेलोशिपला पोस्टडॉक म्हणून अर्ज करायचा तर पीएचडीनंतरची चार वर्षं मोजतात. भारतातच थांबायचं असेल तर एनपीडीएफ, म्हणजे नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप आहे, दोन वर्षांची. तिथेही मेंटर, म्हणजे ज्यांच्याकडे काम करायचं ते मार्गदर्शक, आधी गाठावे लागतात.

शिफारसपत्रांचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही. "मजकूर तूच लिहून आण, मी सही करतो," हे मीही ऐकलंय. तीन पत्रं एकाच हातची वाटली तर वाचणाऱ्याला कळतंच. म्हणून मी मजकुराऐवजी मुद्द्यांचा कागद दिला: कोणता प्रयोग फसला, मी तो कसा सावरला. एका सरांनी त्यावरून खरोखर स्वतः लिहिलं. दुसऱ्यांनी तोच कागद लेटरहेडवर छापला.

"मेल पाठवायच्या आधी बघाल का?" असंही विचारता. बघेन की. फक्त सोबत त्या प्राध्यापकांचा पेपर जोडा, आणि ज्या आकृतीपाशी तुम्ही अडलात तिच्याभोवती पेन्सिलीने गोल करा.