दिवे बंद, तरी फ्यूज उडतो

शेवटचा टप्पा कच्च्या रस्त्याचा होता. खडी टाकून कधीतरी दाबलेला, पण चाकांनी आडव्या लाटा पाडून ठेवलेला. अशा रस्त्यावर मोटरहोम हळू चालवलं तरी हादरतं आणि जोरात चालवलं तरी हादरतं. कपाटांची दारं कुरकुरत होती, ताटल्या वाजत होत्या, आणि गाडी नवीकोरी असल्यामुळे यातला कुठला आवाज साधा आणि कुठला काळजीचा, हे कळायला मार्ग नव्हता. तळ्याकाठच्या मुक्कामी पोचलो तेव्हा उजेड उतरला होता. नवऱ्याने चाकांखाली पाचरी सरकवल्या, लेक आत गेली आणि दोन मिनिटांत तिची हाक आली, "आई, दिवे लागत नाहीयेत. एकही."

बॅटरी उतरली असेल, असा नवऱ्याचा अंदाज. पण नळ सोडला तर पंप घरघरला आणि पाणी आलं. छतातला पंखा फिरला. फ्रिजच्या पॅनेलवरचे आकडे दिसत होते. म्हणजे बॅटरी ठणठणीत होती, मेले होते ते फक्त दिवे. मोटरहोमच्या आत बारा व्होल्टचा स्वतःचा संसार असतो. एका बॅटरीवरून निघालेली वीज फ्यूज बॉक्समध्ये येते आणि तिथून दिवे, पंप, पंखा, हीटर अशा वेगवेगळ्या वाटांनी जाते. प्रत्येक वाटेच्या तोंडाशी एक फ्यूज. बाकी सगळं चालू आणि एकच गोष्ट बंद, म्हटल्यावर फार शोधायचं नसतं.

आमच्या गाडीत हा बॉक्स कपड्यांच्या कपाटाखाली, प्लास्टिकच्या झाकणामागे आहे. झाकण काढलं तर 'दिवे' असं लिहिलेल्या जागेशेजारी बारीक लाल खूण लागलेली. फ्यूज उडाला की हा इवल्याशा दिव्याचा लाल ठिपका लागतो. निळा ब्लेड फ्यूज होता, म्हणजे १५ अँपिअर. या चपट्या फ्यूजचे रंग ठरलेले असतात: लाल १०, निळा १५, पिवळा २०, बिनरंगी २५, हिरवा ३०. डोक्यावरचा आकडा पुसट असला तरी रंगावरून काम भागतं.

फ्यूज ओढून टॉर्चच्या उजेडात धरला. आतली पट्टी तुटलेली असणार हे माहीत होतंच; मला बघायची होती ती कशी तुटली आहे ते. थोडा जादा भार बराच वेळ राहिला, तर पट्टी मधोमध वितळून नुसती फट पडते आणि प्लास्टिक बहुधा स्वच्छ राहतं. एकदम शॉर्ट झालं, म्हणजे पॉझिटिव्ह थेट निगेटिव्हला भिडला, तर पट्टीचा धूर होतो आणि आतून काजळी किंवा चंदेरी शिंतोडे बसतात. आमच्या फ्यूजची खिडकी काळीभोर होती.

"निळा नसेल तर पिवळा घाल ना," नवरा म्हणाला, "दोन-चार जास्तीचे आहेत डब्यात."

निळेही होते, त्यामुळे वाद वाढला नाही. पण हा सल्ला इतक्या जणांकडून इतक्या सहज येतो की थोडं थांबून लिहिते. फ्यूज दिव्याचं रक्षण करायला नसतो, तो वायरसाठी असतो. वायरच्या जाडीला जेवढा प्रवाह झेपेल तेवढ्याचाच फ्यूज बसवतात. वायरमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. १५ च्या जागी ३० चा फ्यूज लावला आणि तेवढा प्रवाह खरोखर वाहिला, तर त्याच वायरमध्ये चौपट उष्णता तयार होते. आणि मोटरहोममध्ये ही वायर जाते कुठून? प्लायवूडच्या मागून, फोमच्या थरातून. तिथे काय तापतंय हे दिसतही नाही आणि वासही उशिरा येतो.

नवा निळा फ्यूज बसवला, दिवे लागले. जेवणं झाली, लेक झोपली.

मला मात्र हिशोब सोडेना. आमच्या गाडीत आत-बाहेर मिळून चौदा एलईडी दिवे, प्रत्येकी ३ वॅटचे. सगळे एकदम लावले तरी ४२ वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअर. १५ चा फ्यूज १८० वॅट झेलतो. आत तार तापून उजळणाऱ्या दिव्यांच्या जुन्या गाड्यांत गोष्ट वेगळी होती. १८ वॅटचे दहा दिवे लावले की १५ अँपिअर पुरे. आमच्याकडे दिव्यांच्या भाराने फ्यूज उडणं शक्यच नव्हतं.

आणि दुसरी गोष्ट जास्त बोलकी होती. आम्ही दिवसाउजेडी गाडी चालवत आलो होतो, एकही दिवा लावलेला नव्हता. दिवे बंद असताना फ्यूज उडतो, याचा अर्थ गडबड दिव्यात नाही आणि बटणापलीकडच्या वायरीतही नाही. फ्यूजपासून बटणांपर्यंत जी वायर कायम जिवंत असते, तिच्यात आहे. लोक विचारतात, काय जळलं? मी आधी विचारते, कधी जळलं? नव्या गाडीत तर हाच प्रश्न जास्त कामाचा, कारण आतल्या वायरिंगचा नकाशा आपल्याला कुणी दिलेला नसतो.

तळ्याकाठी आम्ही निवांत राहिलो. पाणी इतकं नितळ की काठावरून तळाचे गोटे मोजावेत. लेक दिवसभर पाण्यात, नवरा खुर्चीत. मी संध्याकाळी मुद्दाम सगळे दिवे लावून ठेवत होते, बाहेरच्या छत्रीखालची एलईडी पट्टीसुद्धा. फ्यूजला काही झालं नाही.

"बघ, फ्यूजच खराब होता," नवरा.

खराब फ्यूज असतात. पाय सैल बसला तर तिथे उष्णता होऊन फ्यूज जातो, प्लास्टिकही वितळतं. पण त्याने आतली खिडकी काळी होत नाही. मी काही बोलले नाही, सापडलं की दाखवू म्हटलं.

पुढचा रस्ता डोंगरातला. खिंडीपर्यंत गुळगुळीत डांबर, एका बाजूला दरी, दुसरीकडे कातळातून झिरपणारं पाणी. खिंडीच्या माथ्यावर वारा इतका की गाडीचं दार दोन्ही हातांनी धरावं लागलं. तिथे थांबलो तेव्हा मी आत जाऊन दिवे लावून पाहिले. चालू होते. पलीकडच्या उतारावर मात्र काम चाललं होतं, रस्ता उखडलेला, आणि वळणावळणावर गाडी तिरकी होऊन पिळवटत होती. खाली मुक्कामाला पोचल्यावर बटण दाबलं. अंधार.

या वेळी मला आनंद झाला, हे सांगायला हरकत नाही. कारण सगळी बटणं बंद करूनही फ्यूज बॉक्समधला लाल ठिपका लागलेलाच होता. ही खूण फ्यूजच्या दोन पायांमध्ये जोडलेली असते. फ्यूज तुटला की तिच्यातून चिमूटभर प्रवाह जातो, पण त्याला पलीकडून निगेटिव्हला पोचायला वाट लागते. सगळे दिवे बंद, त्या वाटेवर दुसरं काही उपकरण नाही, आणि तरी ठिपका पेटलेला, म्हणजे वायर कुठेतरी निगेटिव्हला चिकटलेली आहे आणि आत्ता, या क्षणी चिकटलेली आहे. येऊन-जाऊन असणारा दोष हातात सापडत नाही. हा थांबला होता.

एकामागून एक फ्यूज घालून बघणं हा महागडा आणि मूर्ख मार्ग. बॅटरी शॉर्टमध्ये शेकडो अँपिअर ओतू शकते. त्यापेक्षा इलेक्ट्रिशियन लोकांची जुनी सिरीज लॅम्पची युक्ती बरी. गाडीच्या ब्रेक लाइटचा जादा बल्ब माझ्याकडे होता, २१ वॅटचा. त्याच्या होल्डरच्या दोन वायरींना फ्यूजच्या खाचेत बसतील अशा चपट्या पिना लावल्या आणि फ्यूजच्या जागी बल्ब जोडला. आता सर्किट पूर्ण शॉर्ट असलं तरी बल्बमधून पावणेदोन अँपिअरच्या वर काही जात नाही. वायर सुरक्षित, आणि शॉर्ट आहे की नाही हे बल्ब सांगतो: भगभगीत पेटला तर आहे, विझला तर सुटला. फक्त बल्ब बराच तापतो, तो कापडापासून लांब, एका वाडग्यात ठेवला.

बल्ब पूर्ण तेजात लागला. लेकीला त्याच्यासमोर बसवलं. "विझला किंवा लुकलुकला की ओरडायचं."

मल्टिमीटरने हे होत नाही असं नाही. बॅटरीचा खटका बंद करायचा, बाहेरून घेतलेल्या विजेची पिनही काढायची, कारण चार्जरमधूनही बारा व्होल्ट येत राहतात, आणि मग फ्यूजच्या पलीकडच्या पायापासून चेसिसपर्यंत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यापर्यंत, रोध मोजायचा. पण मीटरच्या एका टोकाशी मी, दुसऱ्या टोकाशी आकडा, आणि हादरवायची वायर तिसरीकडे. बल्ब लांबून दिसतो.

आधी छतातले गोल दिवे काढले. ते स्प्रिंगवर बसवलेले असतात, कडेने हलकं ओढलं की खाली येतात आणि मागे छोटा कनेक्टर असतो. एकेक सोडवत गेले. बल्ब ढिम्म. अपेक्षाही तीच होती, पण खात्री केलेली बरी. मग मधल्या दिव्याच्या भोकातून हात घालून वायरींचा जोड शोधला. फ्यूजकडून आलेली वायर तिथे दोन फांद्यांत फुटत होती: एक मागे पलंग आणि न्हाणीघराकडे, एक पुढे ओटा आणि जेवणाच्या टेबलाकडे. मागची फांदी सोडवली, बल्ब तसाच. ती परत जोडली आणि पुढची सोडवली.

"गेला!" लेक ओरडली.

निम्मी गाडी एका फटक्यात निर्दोष ठरली. पुढची फांदी पुन्हा जोडून मी ओट्याकडे सरकले. तिथून वायर वरच्या कपाटांच्या मागून जाते. कपाटाच्या तळाला वर दाब दिला तर काही नाही. दुसऱ्या कपाटाला दिला, तर बल्ब लुकलुकला. तिसऱ्याला नाही. पुन्हा दुसरं. लुकलुक. आता नवराही खुर्चीतून उठून आला.

त्या कपाटात आतल्या बाजूला, मागच्या कोपऱ्यात, भिंतीला धरून ठेवणारे स्क्रू होते. एकेक करून सैल केले. पहिला निघाला तो आखूड. दुसराही. तिसरा फिरवतेय, फिरवतेय, येतोच आहे. बाकीच्यांच्या जवळजवळ दुप्पट लांब. तो बाहेर आला आणि बल्ब विझला. टोकाजवळ काळा डाग होता आणि आट्यांमध्ये तांब्याची एक तार अडकलेली.

दिव्यांची वायर दोन पदरी असते, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह शेजारी-शेजारी. स्क्रू नेमका त्या दोघांच्या मधून गेला होता. कारखान्यात बसवला तेव्हा त्याने आवरण नुसतं खरवडलं असणार. गाडी उभी असताना सगळं ठीक. रस्त्यावर भिंत आणि कपाट वेगवेगळे हलतात, प्रत्येक हादऱ्याला स्क्रू थोडा आणखी घासतो, आणि एका वळणावर दोन्ही पदरांना टेकतो. गाडी ताब्यात देण्याआधी कितीही तपासली असती तरी हे निघालं नसतं, कारण ती तपासणी उभ्या गाडीची असते. म्हणून माझं मत झालंय की नव्या मोटरहोमची पहिली सहल लांबची नसावी, पण रस्ता मात्र खराब असावा.

स्क्रू काढला म्हणजे काम झालं असं नवऱ्याला वाटत होतं. वायरचं आवरण फाटलेलं होतंच, पुढच्या खड्ड्यात दोन पदर आपसांत भिडायला स्क्रूची गरज नव्हती. आणि गाडी वॉरंटीत होती. मागचा पत्रा आणि प्लाय मी उचकटला असता तर पुढे कटकट. तेव्हा पुढची फांदी जोडापाशी सोडवून टोकांना टेप गुंडाळली, मागच्या फांदीसाठी निळा फ्यूज परत लावला, स्क्रूचे आणि भोकाचे फोटो काढले आणि विक्रेत्याला पाठवले. उरलेला प्रवास अर्ध्या उजेडात झाला. पलंगाकडे लख्ख, ओट्यावर डोक्याला बांधायची बॅटरी. त्या बॅटरीत कांदा चिरताना सावली नेमकी सुरीवर पडते, एवढीच तक्रार.

वर्कशॉपमध्ये मी शेजारी उभी राहिले. कारागिराने कपाट उतरवलं, वायरचा जखमी तुकडा कापून टाकला, नवा तुकडा दाबून बसवायच्या जोडण्यांनी जोडला आणि वर हीट श्रिंकची, म्हणजे तापवली की आवळणारी, नळी बसवली. नुसता पीळ देऊन टेप लावणं हलत्या गाडीत चालत नाही. वायर वळवून प्लास्टिकच्या पाइपातून नेली. मी त्याला म्हटलं, दादा, याच ओळीतले बाकीचे स्क्रूही काढून बघा. तो जरा वैतागला, पण काढले. शेजारच्या कपाटात आणखी एक लांब निघाला, वायरपासून बोटभर अंतरावर. त्याने न बोलता सगळे आखूड लावले.

परत निघालो तेव्हा लक्षात आलं, दाराशी पायरीचा दिवा अजून लागत नाही. तो पुढच्याच फांदीवर आहे, पण फ्यूज शाबूत आहे आणि लाल ठिपकाही नाही, म्हणजे हे शॉर्ट नव्हे. बहुतेक कपाट चढवताना कनेक्टर जोडायचा राहिला असावा. पुढच्या मुक्कामी बघू.