लांज्याला सापडलेली खडखड

पुण्याहून ताम्हिणीमार्गे मालवणला निघालो होतो. घाटात पाऊस आणि रील काढणाऱ्यांची गर्दी, त्याबद्दल काय लिहायचं. कशेडीचा बोगदा मात्र मस्त, जुना घाट आठवून हसूच आलं.

खरी मजा आरवलीनंतर. मुंबई-गोवा हायवेचं काम २०११ला सुरू झालेलं आणि संगमेश्वरचा पट्टा तेव्हाही तसाच, डायव्हर्जनवर डायव्हर्जन. तिथे पुढच्या डाव्या चाकाकडून टकटक सुरू झाली. गंमत म्हणजे मोठ्या खड्ड्यात गाडी गप्प आणि बारीक खडीवर हळू चालवली की टकटक टकटक. बायको म्हणाली, "अरे, निघायच्या आधी दाखवली होतीस ना?" दाखवली होती ना! पुण्यातल्या गॅरेजवाल्याने एक चक्कर मारून दोन्ही शॉकअप, लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) सगळं बदला म्हणून २७ हजारांचं एस्टिमेट हातात दिलं होतं, म्हणून तर तशीच काढली.

लांज्याला रस्त्याकडेला एक गॅरेज दिसलं. काका साठीचे असतील, आधी आम्हाला चहा सांगितला, मग विचारलं, "आवाज वळताना येतो की सरळ जाताना? ब्रेक मारल्यावर?" पुण्यात हे कुणी विचारलंच नव्हतं. मी जॅक काढायला लागलो तर म्हणाले, "थांबा ओ. एकाच बाजूने उचललीत तर लिंक रॉड ताणला जाईल, ढिलाई कळायची नाही." लिंक रॉड म्हणजे दोन्ही बाजूंची सस्पेन्शन जोडणाऱ्या बारचं टोक चाकाच्या बाजूला जोडणारा छोटा दांडा. चाक पूर्ण वळवून ठेवलं, गॅरेजमधल्या पोराला गाडी हलवायला लावली आणि माझा हात धरून आत त्या रॉडच्या जॉइंटवर ठेवला. दर हेलकाव्याला बोटाखाली कट् कट्! एवढे पैसे गाडीवर घातलेत आजवर, पण बिघाड असा हाताला लागलेला पहिल्यांदाच.

मग जॅक लावला. चाक वर-खाली धरून हलवलं, घट्ट. तिथे ढिलाई असती तर बॉल जॉइंट नाहीतर बेअरिंग गेलेलं असतं. आडवं धरून हलवलं, टाय रॉड एंड, म्हणजे स्टीअरिंगचा जॉइंटपण ठीक. शॉकअपवर तेलाचा थेंब नाही. लोअर आर्मच्या रबरी बुशला टॉमी (लोखंडी पहार) घालून पाहिलं, रबर चिरलेलं नाही. मी म्हटलं शंभरला स्टीअरिंग थरथरतं त्याचं काय, तर "ते चाकांचं बॅलन्सिंग करून बघा आधी, स्वस्तातलं आधी."

दोन्ही बाजूंचे लिंक रॉड, मजुरीसकट २,२०० रुपये. पार्ट आणायला पोरगा बाइकवर गेला त्यात दीड तास गेला आणि बसायला एक टायर, पण कुरकुर करायला तोंड नव्हतं, दुसरा चहा आला होता.

मालवण छान. सुरमई महाग, रूमला ओल.

परत आल्यावर पुण्यातल्या गॅरेजवाल्याचा फोन, "सर, लोअर आर्मचं काय ठरलं?" म्हटलं गाडी लिफ्टवर चढवा, मला खाली उभं करा आणि बुश हलवून दाखवा, लगेच बदलू. "मॅनेजरना विचारून सांगतो" म्हणाला. अजून विचारतोय.