पिस्तुलाची रात्रीची माशी निवडताना

"अक्का, तू पिस्तुलाला रेडियम बसवलंस म्हणं?" उदगीर तालुक्यातील आमच्या गावाहून चुलत भावाने गेल्या महिन्यात फोनवर हा प्रश्न विचारला. उसाच्या ट्रॉलीमागे लावतात तीच लाल-पिवळी चकचकीत पट्टी मी पिस्तुलावर चिकटवली असावी, असे त्याला वाटले होते. मी बसवली ती रात्रीची माशी, म्हणजे नेम धरण्यासाठी पिस्तुलाच्या पुढच्या टोकाशी असलेला, अंधारात चमकणारा बारीक उंचवटा. फोनवर मला हे नीट सांगता आले नाही. गावाकडच्या आणखी काही जणांनीही तेच विचारले, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आम्ही टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओच्या पश्चिमेला, शेजारचे घर हाकेच्या अंतरावर नसलेल्या वस्तीत राहतो. यजमानांचे काम असे आहे की ते महिन्यातील पंधरा दिवस बाहेर असतात. इथे पिस्तूल कोणीही उठून विकत घेऊ शकतो, असा आपल्याकडे समज आहे, तो खरा नाही. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला, काही मोजके अपवाद सोडले, तर संघराज्याचा कायदा पिस्तूल बाळगू देत नाही. कायम वास्तव्याचा परवाना हाती आल्यानंतरच मी ते घेतले, रीतसर शिकले आणि आजही ते कुलूपबंद पेटीत ठेवते.

फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये बर्फाचे वादळ झाले आणि लाखो घरांची वीज गेली. त्या काळात एका रात्री घरात मी आणि मुलगी दोघीच होतो. मागच्या दाराशी पावले वाजली. पेटी उघडून मी पिस्तूल हातात घेतले, नळी जमिनीकडे ठेवली, आणि खाली पाहिले तेव्हा लक्षात आले की पुढच्या माशीवरचा पांढरा ठिपका मला मुळीच दिसत नाही. दिवसा जो ठिपका डोळ्यांत भरत असे, तो अंधारात काळ्या पोलादात विरून गेला होता. मी दाराआडूनच हाक मारली आणि खिडकीतून बॅटरीचा झोत टाकला. बाहेर आमचे वयस्कर शेजारी पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन घेऊन उभे होते. त्या रात्रीनंतर कितीतरी दिवस माझे हात थरथरत. माशी दिसली नाही, याचे मला फार भय वाटले नाही. दारात उभा असलेला माणूस दिसला नव्हता, याचे वाटले, आणि पुढे माशी निवडताना हाच फरक मी सतत डोळ्यांसमोर ठेवला.

आता रेडियमविषयी. आपल्याकडे ट्रॉलीवर, बैलगाडीवर, सायकलच्या मडगार्डवर जे लावतो त्याला रेडियम म्हणतात, पण त्यात रेडियम नसते. ती पट्टी समोरून आलेला उजेड परत फेकते, समोर दिवा नसेल तर ती अंधारात काळीच राहते. दुसरा प्रकार मुलांच्या खोलीत छताला लावायच्या चांदण्यांचा. त्या उजेड शोषून घेतात, काही वेळ हिरवट चमकतात आणि हळूहळू विझतात. खरे रेडियम विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घड्याळांच्या तबकड्यांवर रंगवले जाई, आणि ब्रशाचे टोक ओठांनी ओले करून ते काम करणाऱ्या अमेरिकेतील कितीतरी तरुणींनी त्यापायी जीव गमावला.

पिस्तुलाच्या रात्रीच्या माशीत असते ते ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचाच एक किरणोत्सारी प्रकार (समस्थानिक). तांदळाच्या दाण्याहूनही बारीक अशा काचेच्या नळीत हा वायू भरून ती नळी सीलबंद करतात, आणि आतून तिला फॉस्फरचा, म्हणजे कण आदळले की उजळणाऱ्या पदार्थाचा, लेप दिलेला असतो. ट्रिटियममधून निघणारे अतिसूक्ष्म बीटा कण त्या लेपावर आदळतात आणि लेप अखंड उजळत राहतो. त्याला ना सेल लागतो, ना आधी उजेड दाखवावा लागतो. हे कण इतके दुबळे असतात की नळीची काच किंवा आपल्या कातडीचा वरचा थरही त्यांना ओलांडता येत नाही. म्हणूनच इथे या वस्तूसाठी उत्पादकाला अणु नियामक आयोगाचा परवाना लागतो, वापरणाऱ्याला लागत नाही. नळी फुटलीच तर खोलीच्या खिडक्या उघडून बाहेर पडावे आणि तुकड्यांना उघड्या हाताने शिवू नये, एवढी काळजी मात्र घ्यावी.

दुकानात गेले तेव्हा मी जी चूक करणार होते, ती बहुतेक नवखे करतात. काउंटरखालच्या अंधारात जी माशी सर्वांत जास्त चमकेल ती घ्यायची, असे मी ठरवूनच गेले होते. ट्रिजिकॉन, मेप्रोलाइट यांसारख्या कंपन्यांचे जोड, म्हणजे पुढची माशी आणि जिच्यातून ती माशी पाहून नेम धरतात ती मागची खाच, समोर ठेवले गेले, किंमत साधारण शंभर डॉलर आणि त्याहून अधिक. नेहमीची रचना तीन ठिपक्यांची असते: पुढच्या माशीवर एक आणि मागच्या खाचेच्या दोन्ही बाजूंना एकेक. अंधारात तिन्ही ठिपके सारखेच हिरवे आणि सारखेच तेजस्वी दिसले, तर घाबरलेल्या डोळ्याला त्यातला पुढचा कोणता हे ओळखता येत नाही. माशी खाचेच्या बाहेर डावीकडे गेलेली असली, तरी तीन ठिपके एका ओळीत दिसतात आणि नेम बसल्यासारखा वाटतो. मी दुकानातील मोकळ्या, तपासलेल्या पिस्तुलावर हे स्वतः करून पाहिले आणि तिथेच तीन सारख्या ठिपक्यांचा विचार सोडून दिला. पुढे तेजस्वी हिरवी नळी, तिच्याभोवती दिवसा उठून दिसणारे नारिंगी कडे, आणि मागे काळी खाच व तिच्यात अगदी मंद दोन ठिपके, असा जोड मी घेतला. हिरवाच रंग घेण्याचे कारण एवढेच की अंधाराला सरावलेला डोळा निळसर हिरव्या प्रकाशाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतो, त्यामुळे तेवढ्याच वायूत हिरवी नळी अधिक उजळ वाटते.

रुंदीकडे कोणी फारसे लक्ष देत नाही, पण मी चाळिशी ओलांडली आहे आणि हाताच्या अंतरावरची वस्तू मला पूर्वीसारखी रेखीव दिसत नाही. माशी जाड आणि खाच अरुंद असेल तर दोहोंमधली उजेडाची फट नाहीशी होते. ती फट डावी-उजवी सारखी दिसणे म्हणजेच नेम, मग ठिपका कितीही चमको. म्हणून खाच रुंद घेतली. आरशासारख्या भिंगावर लाल बिंदू दाखवणारे उपकरणही दुकानदाराने सुचवले होते. ते उत्तम असते, पण त्याला सेल लागतो आणि माझ्या पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे मागे-पुढे सरकणारा वरचा भाग, त्यासाठी कापलेली नाही, म्हणून तो विषय तिथेच संपला.

माझ्या मते खरा निर्णय मात्र बॅटरीचा आहे. आमच्या आबांकडे परवान्याची बारा बोअरची बंदूक होती. नळीच्या टोकाला पितळेचा मणी, त्यालाच आम्ही माशी म्हणत असू. ज्वारीच्या राखणीला रात्री माळ्यावर बसून आबा हवेत बार काढून रानडुकरे हाकलत. गावातील तरुण पोरे बंदुकीच्या नळीलाच बॅटरी बांधत, ते आबांना मुळीच खपत नसे. ते म्हणत, "ज्याला बघायचं त्याच्याकडंच नळी जातीया मग. आधी बॅटरी मार, कोण हाय ते बघ. आपला सालगडीबी आसंल." पाण्याच्या पाळीसाठी आमचे सालगडी रात्री-बेरात्री शेतात फिरत असत, म्हणून ते असे बोलत. मी इथे शिकले तेव्हा प्रशिक्षकांनी नेमके हेच सांगितले: पिस्तुलावर लावलेला दिवा बघण्यासाठी वापरला, तर जे बघायचे त्याच्यावर पिस्तूल रोखले जाते. त्यामुळे पेटीशेजारी हातात धरायची वेगळी बॅटरी हवी.

ट्रिटियम समोरच्या माणसावर कणभरही उजेड टाकत नाही. उलट बॅटरी पेटली की समोरचे सारे उजळते, माशी काळ्या सावलीसारखी स्पष्ट दिसते आणि हिरवा ठिपका असूनही नसल्यासारखा होतो. मग तो लागतो कधी? तिन्हीसांजेला, किंवा समोर अंगणातील दिव्याचा उजेड आहे पण आपण स्वतः अंधाऱ्या ओसरीत उभे आहोत अशा वेळी, म्हणजे समोरचा ओळखू येतो पण आपल्या हातातले दिसत नाही तेव्हा. हा वेळ दिवसातला फार थोडा आहे. तेवढ्यासाठी शंभर डॉलर देण्याआधी चांगली बॅटरी घ्यावी, असे मी मैत्रिणींना आवर्जून सांगते.

बसवण्याचे काम मी कारागिराकडून करून घेतले, कारण मागची खाच स्लाइडमधील तिरक्या खोबणीत घट्ट बसते आणि ती हातोडीने ठोकली तर आतली काच तडकू शकते. त्यासाठी स्क्रूने हळूहळू सरकवणारे वेगळे अवजार असते. नवी माशी जुनीहून उंच असेल तर गोळी खाली लागते. माझ्या पिस्तुलावर माशी आणि खाच यांमधील अंतर सुमारे १५ सेंटिमीटर आहे, त्यामुळे उंचीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला तर १५ मीटरवर गोळी सुमारे ५ सेंटिमीटर खाली-वर जाते. म्हणून बसवल्यानंतर मी रेंजवर जाऊन कागदावर ते तपासले, आणि खाच किंचित उजवीकडे सरकवून घ्यावी लागली.

ही वस्तू इथून गावाकडे पाठवण्याची नाही, हेही स्पष्ट लिहिते. आपल्याकडे शस्त्रे आणि त्यांचे भाग १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली येतात, ९ मिलिमीटरचे पिस्तूल सामान्य परवान्यावर मिळत नाही, आणि किरणोत्सारी पदार्थांवर अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण आहे.

ट्रिटियमचा अर्धायुकाल सुमारे १२.३ वर्षांचा असतो. तेवढ्या काळात वायू निम्मा उरतो, शिवाय लेपही जुना होत जातो, म्हणून जुन्या साठ्यातली माशी स्वस्त मिळाली तरी ती कधीची आहे हे विचारून घ्यावे. माझी २०२२ सालची आहे, म्हणजे २०३४ च्या सुमारास ती बदलावी लागेल. भावाच्या ट्रॉलीला मात्र तेच आपले नेहमीचे रेडियम योग्य आहे. कारखाना सुरू होण्याआधी त्यावरचा चिखल धुऊन घे, असे मी त्याला सांगितले आहे.