मिनी पीसीवरचे टेस्ट रनर: चोर सापडला, डिस्कमध्ये

कोडच्या टेस्ट आपोआप चालवायला मी घरी काही मिनी पीसी ठेवलेत. त्यातला दोन नंबरचा बॉक्स अधूनमधून टाइमआउट होतो, म्हणजे टेस्ट वेळेत संपत नाहीत, हे मागच्या वेळी लिहिलं होतं. तीन आठवडे मी रॅम आणि थर्मल पेस्टच्या मागे होतो. काल रात्री कळलं, दुखणं डिस्कचं आहे.

सेटअप तोच: लेनोवोचे रिफर्बिश्ड एम७२०क्यू, आय५-८५००टी, १६ जीबी, प्रॉक्समॉक्स (एका मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारी सिस्टीम), प्रत्येकावर दोन रनर, म्हणजे टेस्टचे जॉब उचलून चालवणारे प्रोग्राम. एकच जॉब असला की सगळं हिरवं. दोन्ही एकदम सुरू झाले की पोस्टग्रेस डेटाबेसच्या मायग्रेशनपाशी (टेबलं बनवण्याच्या टप्प्यापाशी) गाडी अडायची. सीपीयू रिकामा, आयओ-वेट (डिस्कची वाट बघण्यात जाणारा वेळ) मात्र चढलेला. शेवटी एफआयओ या डिस्क तपासायच्या टूलला प्रत्येक राइटनंतर एफडेटासिंक (डेटा खरोखर डिस्कवर उतरवायचा आदेश) करायला लावलं. ९९ वा पर्सेंटाइल (१०० पैकी ९९ वेळा लागणारा वेळ याच्या आत) २८ मिलिसेकंद! इटीसीडी या डेटा स्टोअरसाठी तो १० च्या आत असावा म्हणतात. डब्यावरचा सिक्वेन्शियल (सलग वाचण्या-लिहिण्याचा) स्पीड बघून मी ही डिस्क घेतली होती. आपल्या कामात त्या आकड्याला काही अर्थ नाही. घरगुती एसएसडीत सहसा पॉवर-लॉस प्रोटेक्शनचे (पीएलपी, वीज गेल्यावर डेटा वाचवणारे) कपॅसिटर नसतात, त्यामुळे डेटा खरोखर फ्लॅशवर उतरेपर्यंत एफसिंक (एफडेटासिंकसारखाच आदेश) थांबून राहतो. सर्व्हरच्या डिस्कला कपॅसिटरचा आधार असतो, म्हणून ती कॅशमधूनच होकार देऊन मोकळी होते.

मग पीएलपीवाली डिस्क घ्यायचं ठरवलं. पण एम.२ मध्ये त्या बहुतेक २२११० मापाच्या (११० मिमी लांब), आणि इथे बसते २२८० (८० मिमी). अडीच इंची साटाची जागा रिकामी आहे, म्हणून लॅमिंग्टन रोडला चौकशी सुरू केली. (जुनी डिस्क स्मार्ट रिपोर्ट (डिस्कच्या तब्येतीची नोंद) दाखवणाऱ्याकडूनच घ्या, दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील.)

चौकशी करतानाच डोक्यात आलं, टेस्टचा डेटाबेस तर दर जॉबला नवा बनतो आणि शेवटी फेकला जातो. वीज गेली तर जॉब पुन्हा चालवायचा, एवढंच. मग टिकाऊपणा हवाय कुणाला? डेटा डिरेक्टरी टीएमपीएफएसवर (रॅममधल्या फाइल सिस्टीमवर) नेली, पोस्टग्रेसची एफसिंक, सिंक्रोनस कमिट आणि फुल पेज राइट्स ही टिकाऊपणाची सेटिंग बंद केली. १९ मिनिटांचा टेस्ट सूट ६ मिनिटं ४० सेकंदांत! सलग ३० रन झाले, एकही लाल नाही. पहाटे दोनला ती हिरवी रांग बघत बसलो होतो.

टीएमपीएफएसला मर्यादा मात्र घालाच. नाही घातली तर एकेक माउंट निम्म्या रॅमपर्यंत वाढू शकतो, आणि इथे रनर दोन आहेत. मी प्रत्येकी ३ जीबी ठेवलंय. स्टेजिंगवर (रिलीजआधीच्या तालमीच्या सर्व्हरवर) यातलं काहीही करू नका. साटा डिस्क आता फक्त स्टेजिंगच्या बॉक्ससाठी घेणार.

लिहिता लिहिता सुचलं: इमेज बनवताना डीपीकेजी (डेबियनचा पॅकेज इन्स्टॉलर) हाही सारखा एफसिंक करतो. तिथे एफसिंक गिळून टाकणारा ईटमायडेटा लावला तर? आज रात्री तेच.