१३५ गुणिले १२ आणि पूर्ण संख्यांचे गुणधर्म

बेरीज क्रमनिरपेक्ष आहे (क्रम बदलला तरी उत्तर तेच), गुणाकारात साहचर्य आहे (आधी कोणती जोडी गुणली याने उत्तर बदलत नाही), १ हा गुणाकाराचा अविकारक आहे (त्याने गुणलं तरी संख्या तीच राहते). मुलं हे पाठ करतात, परीक्षेत रिकाम्या जागा भरतात आणि विसरून जातात. मला याचं वाईट वाटतं, कारण वहीत मांडलेला प्रत्येक मोठा गुणाकार याच गुणधर्मांच्या आधारावर उभा असतो. गुणाकार नेमका कुठे आणि का चुकला, हेही त्यांच्यावरूनच कळतं.

उदाहरण म्हणून भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तलाच (इ. स. ११५०) गुणाकार घेऊ: १३५ × १२. तिथे तो एकाच रीतीने केलेला नाही. १२ चे ४ आणि ८ असे खंड पाडा, दोन्हींनी गुणा आणि बेरीज करा: ५४० + १०८० = १६२०. किंवा १२ म्हणजे ३ × ४, म्हणून आधी ३ ने आणि आलेल्या उत्तराला ४ ने गुणा: ४०५ × ४ = १६२०. किंवा १० ने गुणून त्यात दुप्पट मिळवा: १३५० + २७० = १६२०. किंवा २० ने गुणून आठपट वजा करा: २७०० − १०८० = १६२०. चाळीसगावजवळच्या पाटणला १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापन केलेल्या मठाची नोंद त्यात आहे. तेव्हा हा गुणाकार खानदेशातल्या विद्यार्थ्यांनी आठशे वर्षांपूर्वी सोडवला असणार.

वरच्या चारही रीतींचं उत्तर एकच असलं तरी त्यांच्यामागचा गुणधर्म एकच नाही. ४ + ८, १० + २ आणि २० − ८ या तिन्ही ठिकाणी वितरणाचा गुणधर्म लागतो: १३५ × (४ + ८) = १३५ × ४ + १३५ × ८. ३ × ४ मध्ये मात्र साहचर्य लागतं: १३५ × (३ × ४) = (१३५ × ३) × ४. वितरणात १३५ दोनदा लिहिला जातो, साहचर्यात एकदाच. मुलांची गल्लत इथेच होते. कोणी १२ चे ३ × ४ असे अवयव पाडतं आणि मग ४०५ + ५४० = ९४५ अशी बेरीज करतं; पण ती १३५ ची सातपट झाली. कोणी ४०५ × ५४० करतं आणि उत्तर थेट २,१८,७०० येतं, कारण १३५ ने दोनदा गुणलं गेलं. गुणाकाराचं वितरण बेरजेवर आणि वजाबाकीवर होतं, गुणाकारावर होत नाही. हे वाक्य तोंडी म्हणून घेण्यापेक्षा ही दोन चुकलेली उत्तरं समोर ठेवली तर चांगलं समजतं.

आता नेहमीची उभी मांडणी बघा. पहिल्या ओळीत १३५ × २ = २७०. दुसऱ्या ओळीत एककाच्या जागी शून्य किंवा फुली मांडून पुढे १३५. ती फुली का, असं विचारलं तर 'तशी पद्धत आहे' हे उत्तर पुरेसं नाही. १२ मधला १ दशकस्थानी आहे, म्हणून तिथे खरा गुणाकार १३५ × १० = १३५० असा आहे. फुली विसरली तर २७० + १३५ = ४०५ येतं. हे ४०५ म्हणजे १३५ × ३ आहे. १२ च्या जागी १ + २ ने गुणलं गेलं. चुकलेलं उत्तर खोडण्याआधी ते नेमकं कशाचं उत्तर आहे हे मुलाला शोधायला लावा. माझ्या मते पाच नवी गणितं घालण्यापेक्षा याने जास्त कळतं.

क्रमनिरपेक्षतेचा फायदा पाढ्यांत लगेच दिसतो. सात आठे छप्पन्न येत असेल तर आठ सत्ते वेगळं पाठ करायला नको. १ ते १० च्या पाढ्यांतले १०० गुणाकार असे ५५ वर येतात. साहचर्य सोबत घेतलं की २५ × ३७ × ४ मध्ये आधी २५ × ४ = १०० करून ३७०० तोंडी सांगता येतं. ९९ ने गुणताना मात्र जपायला हवं: १३५ × ९९ = १३५०० − १३५ = १३३६५. घाईत १ वजा करून १३४९९ लिहिलं जातं. १०० वेळांपैकी एक वेळ कमी करायची आहे, आणि ती एक वेळ १३५ ची आहे.

वजाबाकी आणि भागाकाराला या सवलती नाहीत. (८ − ३) − २ = ३, पण ८ − (३ − २) = ७. भागाकारात वितरण एकाच बाजूने चालतं. (२४ + ६) ÷ ३ म्हणजे ८ + २ = १०, हे बरोबर. २४ ÷ (४ + २) चं उत्तर ४ आहे. ते ६ + १२ असं तोडलं तर १८ येतं. भाज्य तोडता येतो, भाजक नाही. शिवाय ३ − ८ चं उत्तर पूर्ण संख्यांत सापडतच नाही, त्यासाठी पूर्णांक लागतात. पूर्ण संख्या ० पासून पुढे, पूर्णांकांत ऋण संख्याही. नावं सारखी असल्याने हा फरक पुन्हा पुन्हा सांगावा लागतो.

शून्याने गुणल्यावर शून्य का, हेही वितरणातूनच निघतं. ५ × ० = ५ × (० + ०) = ५ × ० + ५ × ०. एखादी संख्या स्वतःच्या दुपटीइतकी असेल तर ती शून्यच असते. मग १२ ÷ ० का करता येत नाही? कोणत्याही संख्येला ० ने गुणलं तरी १२ येत नाहीत, म्हणून. ० ÷ ० ची अडचण वेगळी आहे: तिथे ५ ही चालतो, ७ ही चालतो, कोणतीही संख्या चालते, त्यामुळे एक ठरावीक उत्तर देता येत नाही. दोन्हींवर 'अशक्य' असा एकच शिक्का न मारता ही दोन कारणं वेगवेगळी सांगावीत.