बेळगावचा बायोमेडिकल समर प्रोग्राम: छत्री आणि मल्टिमीटर घरूनच न्या

नावात समर असलं तरी दवाखान्यातल्या मशिनांचा हा प्रोग्राम जूनमध्ये असतो, आणि बेळगावात जून म्हणजे पाऊस. आमच्या पत्रकावर पिवळाधमक सूर्य काढला होता. खाली छापलं होतं, 'बसस्टँडपासून दहा मिनिटांवर'. हेलिकॉप्टरनं लागत असतील.

मी निपाणीची, इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमा, दुसरं वर्ष संपलेलं. सोबत चंदगडची मामेबहीण. राहायला शहापुरात मावशीकडं, त्यामुळं जेवणाखाणाची तक्रार नाही.

तक्रार रिक्षाची आहे. पहिल्या दिवशी बॅगा घेऊन स्टँडवर उतरलो. मीटर म्हटल्यावर रिक्षावाले काका असे हसले, जणू मी घोडागाडी मागितली. ३०० सांगितले, २५० वर तुटलं. वाटेत "कुठल्या गे पोरींनो? निपाणी? आमचे पावणे हायत तिथं" असं छान मराठीत बोलले, म्हणून आपलेच वाटले. संध्याकाळी कळलं, बाकीची पोरं १२० देऊन आली होती. तेव्हा बसायच्या आधी दोन रिक्षांना विचारा, आणि पावण्यांची चौकशी सुरू झाली की पाकीट सांभाळा.

दुसऱ्या दिवसापासून सिटी बस. बोर्ड कानडीत असतो, वाचता येत नसेल तर चढायच्या आधी कंडक्टरला विचारा, मराठी कळतं. कर्नाटकचा पत्ता असलेल्या बायकांना शक्ती योजनेत साध्या बसला शून्य तिकीट, पण आधारसारखं ओळखपत्र दाखवावं लागतं. मला फुकट, बहिणीला तिकीट. ती येतानाही महाराष्ट्राच्या एसटीत अर्धं तिकीट सीमेवरच्या शिनोळीपर्यंतच, पुढं पूर्ण. आमची दोघींची आजी एकच, पण आधारकार्डं दोन राज्यांची. आणि सीमाप्रश्न तापला की आंतरराज्य बसा बंद पडतात, तेव्हा निघायच्या आदल्या रात्री चौकशी करा.

आता बसनंतरचे आठशे मीटर. बस हायवेवर सोडते आणि तिथून संस्थेच्या गेटपर्यंत सर्व्हिस रोड. रोड म्हणजे उकरलेली गटार, लाल चिखल आणि पुलाखाली साचलेलं पाणी. बारा दिवसांत मी तिथं दोनदा घसरले. एकदा ट्रकनं कमरेपासून खाली रंगवून सोडलं. पांढरा अ‍ॅप्रन घालून घरातून निघण्याचा शहाणपणा कुणी करू नये. प्लॅस्टिकच्या पिशवीत घ्या, गेटवर घाला. रबरी चप्पल नको, तळव्याला खाचा असलेले बूट घाला. लॅपटॉपला कचऱ्याची काळी पिशवी पुरते.

शिकवण्याबद्दल. पत्रकात दहा दिवस हॉस्पिटल होतं, मिळाल्या तीन सकाळी. उरलेले दिवस बहुतेक स्लाइड्स, त्या घरी बसूनही बघता येतात. पण त्या तीन सकाळींसाठी मी पुन्हा जाईन, चिखलातून सुद्धा.

पहिल्या सकाळी ईसीजी. लाल क्लिप उजव्या हाताला, पिवळी डाव्या, हिरवी डाव्या पायाला, काळी उजव्या. पाठ होतं. समोर खानापूरकडच्या एक आजी, मनगटभर हिरव्या बांगड्या. त्या वर सारून क्लिप लावताना माझ्या हातून लाल-पिवळी उलटी गेली. कागद बाहेर आला तर पहिल्या लीडमध्ये, म्हणजे दोन हातांमधल्या आलेखात, सगळं उलटं, एरवी वर जाणारं टोक खाली. मी आणि बहीण एकमेकींकडं बघतोय, काळीज उजवीकडं असणाऱ्या लोकांबद्दल वाचलेलं आठवतंय. टेक्निशियन मामांनी कागद बघितला, मग आजींचे हात. म्हणाले, "म्हातारीचं काळीज जाग्यावर हाय. वायरी बदला." आजी फक्त म्हणाल्या, "झालं काय गे? चा पिऊन येऊ?" कानडी पेशंटसाठी एक शब्द पाठ करून जा: अल्लाडबेड्री, म्हणजे हलू नका. दिवसाला पन्नासदा लागतो.

उरलेल्या दोन सकाळी तळघरातल्या दुरुस्तीच्या खोलीत. खरं बायोमेडिकल तिथं आहे. आमच्यासमोर अकरा मशिनं उघडली, त्यात सहांचा दोष बॅटरी नाहीतर तुटकी केबल, दोन बीपी कफ गळके. एका खाटेचं चाक फिरेना, त्याचा बुश उद्यमबागेतल्या, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या भागातल्या, लेथवर ४० रुपयांत करून आणला. व्होल्टेज, करंट मोजायचा मल्टिमीटर तिथं एकच आणि तो मामांच्या हातात, म्हणून स्वतःचा न्या.

स्वतः ईसीजी काढून बघायच्या किटचे १८०० वेगळे घेतले. पत्रकात त्याचा उल्लेखच नव्हता. आत आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाची नक्कल, ईसीजीचा सिग्नल वाढवणारा एडी८२३२ बोर्ड आणि अंगाला चिकटवायचे, पण सुकलेले इलेक्ट्रोड. सुटं घेतलं तर यापेक्षा बरंच स्वस्त पडतं. फी भरण्याआधी 'आणखी काही भरायचं आहे का' हे लेखी विचारा.

ईसीजीचा सिग्नल साधारण एक मिलिव्होल्टचा, त्यामुळं भिंतीतल्या विजेचा ५० हर्ट्झचा थरथराट त्याच्यावर सहज बसतो. आमचा आलेख दोन दिवस करवतीच्या दात्यांसारखा येत होता. वायरी आखूड करून पिळल्या, कातडी स्पिरिटनं पुसून नवे इलेक्ट्रोड लावले, लॅपटॉपचा चार्जर काढला, मग ठोके दिसले. आणि हे गंमतीत घेऊ नका: अंगाला इलेक्ट्रोड असताना लॅपटॉप बॅटरीवरच हवा. स्वस्त चार्जर बिघडला तर करंटला वाट तुमच्या छातीतून असते. आम्हाला हे चौथ्या दिवशी सांगितलं, तोवर तिघांनी चार्जर लावूनच केलं होतं.

लगीनसराईतून थेट येणाऱ्या मुलींनी एक बोट मेंदी आणि नेलपॉलिशपासून वाचवा. ऑक्सिमीटर ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० चा अवरक्त प्रकाश बोटातून पाठवतो, गडद रंग त्याच्या आड येतो. बहिणीच्या पाची बोटांवर मशीन रुसलं, शेवटी कानाची पाळी धरली.

शेवटच्या दिवशी सर्टिफिकेटं घेऊन निघालो तर धो धो पाऊस. हायवेवर रिक्षा थांबली, काका तेच. आम्ही चिखलानं माखलेल्या, हातात अ‍ॅप्रन. "सिस्टर, ड्युटी सुटली?" आम्ही गप्प. शहापूरला सोडलं आणि १०० घेतले.